टोपीवाला हसत न्हाई

मळवली
९ ऑक्टोबर १९७३

॥ आई एकवीरा ॥

रा. रा. अंबाजीराव यांस, मु. वराळे

नमस्कार. पत्राच्या वरती नमस्कार घालायचा असतो म्हणून घातलाय, त्यातनं दुसरं काय काढत बसू नका. त्या जत्रंपासनं आपलं बोलणं बंद हाय, हे मी इसरलो न्हाई. पण बंद झालं ते बोलणं. लिवायचं न्हाई असं तुमीबी म्हणला न्हवता आन मीबी न्हाई. म्हणून लिवतोय.

मी हल्ली मळवलीला असतो. कप्तानसाहेबाच्या बंगल्याची राखण करतो. साहेब बोटीवर कप्तान हुता, आता थकलाय, मुंबईला असतो. त्याची बाई हुती तवर दर शनवारी गाड्या भरून पावणं यायचं, खिदळणं, गाणी, नुस्ता कालवा. बाई गेली आन पावणंबी गेलं. आता बंगल्यात मी एकटा. माझी बायकू सरूबी गेली. त्ये तुमाला कळलं आसंलच, वराळं काय काशीत न्हाई. दहाव्याला तुमची वाट बघितली. आसूंदे, त्यो इषय न्हाई.

इषय असा की साहेबानं विलायतेहून शिनेमाचं मशीन आणलेलं हाय. घरच्या घरी, दिवाणखान्यात, भिंतीवर शिनेमा. थेटर नको, तिकीट नको. पण आपल्याकडचा पाऊस तुमाला ठाऊक हाय. चपलीला बुरशी, पट्ट्याला बुरशी, देवाच्या फोटोला बुरशी. साहेबाची सगळी रिळं एकाला एक चिकटून त्यांचा लगदा झाला. एकच धड ऱ्हायलं. म्हणून साहेबाचा हुकूम हाय, हौशीराम, दर ऐतवारी मशीन चालवायचं, आत रीळ घालून चालवायचं. चाललं की गरम हुतं, गरम झालं की वल धरत न्हाई.

तर दर ऐतवारी दुपारी मी दारं लावून घेतो, पडदे वढतो, मशीन चालू करतो आन समूरच्या खुर्चीत बसतो. हुकूम मशीन चालवायचा हाय, बघायचा न्हाई. पण चालूच हाय तर डोळं मिटून कोण बसंल?

अंबाजीराव, त्या रिळात इंग्रजांची सोंगं हाईत. आपल्या भारुडातल्यागत. ना राजा, ना राणी, ना आख्यान. एक सोंग आलं, लोळवलं, गेलं, की दुसरं. एक नाकाड्या हाय, त्यो दर सोंगाला नवं रूप घेतो. कधी शिंपी, कधी फौजदार, कधी मडम. बोलतात इंग्रजी, मला त्यातलं 'थँक्यू' तेवढं कळतं. पण सोंग कळतं. आपली उभी हयात त्यात गेली, न कळायला काय झालं?

आन त्या नाकाड्याच्या जोडीला एक टोपीवाला हाय. त्याच्यासाठी हे पत्र. त्यो टोपीवाला एकदा तुमी बघावा असं मला वाटतं. का, ते लिवत न्हाई. येऊन बघावं. ऐतवार धरून यावं.

उत्तर न्हाई दिलं तरी चालंल.

हौशीराम

ता. क. उत्तर द्यावं.

*

मळवली
४ नोव्हेंबर १९७३

अंबाजीराव यांस

दिवाळी झाली. तुमचं उत्तर आलं न्हाई. टपालवाला हितनं रोज जातो, त्याला इचारून इचारून मी त्याचा जीव खाल्ला. आता त्यो लांबूनच हात हलवतो.

बरं. येत न्हाई म्हणताय, तर आयका. टोपीवाल्याचं सांगतो.

एक दार हाय. नाकाड्या आन टोपीवाला दोघंबी दारापशी एका टायमाला येतात. टोपीवाला हात करतो, आधी आपण. नाकाड्या म्हणतो, छे छे, आधी आपण. ह्यो म्हणतो आपण, त्यो म्हणतो आपण. मागं लोकं तटली. एक बाई पोर घेऊन आली, ते पोर बघता बघता चड्डी घालून चालाया लागलं. नाकाड्याला दाढी आली. दाढी पार गुडघ्याला लागली. सुतार आले, त्यांनी दार काढलं, चौकट काढली, भिंत पाडून विटा घेऊन गेले. मोकळं रान झालं. आन त्या मोकळ्या रानात ही दोघं आपली वाकून हुबी, आधी आपण!

मी खुर्चीतनं खाली आलो रं हसून. पोट धरलं. आन मग एकदम गप झालो. येवढा थोरला दिवाणखाना, आन त्यात एकट्याचंच हसणं. माझं मलाच लाजल्यागत झालं. एकटं हसताना माणसाला कुणी बघितलं तर येडंच म्हणंल. रडायला एकटं चालतं, हसायला चालत न्हाई.

पुढल्या ऐतवारी मी नाकाड्याकडं बघितलंच न्हाई. टोपीवाल्याकडं बघत बसलो. त्याचा चेहरा असा, जसा काय पतपेढीत बसलाय. समूर येवढा धुडगूस चाललाय, पण ओठ हलत न्हाई. गालावर रेष न्हाई. त्यो थंड ऱ्हातो म्हणून तर दुसऱ्याचं सोंग पेटतं! त्यो नुस्ता भुवई वर करतो. त्या भुवईचा अर्थ एकच, 'मग?'

आता कळलं टोपीवाला कोण त्ये?

तू रं लेका. तूच. मांडीवर ढोलकी, मान खाली, आन मी कायबी बरळलो की तुझं थंडगार 'मग?'. त्या 'मग?'वर उभं मावळ हसायचं. बेडश्याला, कामशेताला, पार पवनंच्या काठाला. बायका पदराचा बोळा तोंडात घालायच्या. सगळी हसली, तू एकदाबी हसला न्हाईस. सोंगात न्हाई, सोंग उतरल्यावर न्हाई, बैलगाडीतनं घरी येताना न्हाई. मी मुद्दाम हसवायला बघायचो. विठाबाईच्या म्हशीचं सोंग मी लोकांसाठी केलं न्हवतं, तुझ्यासाठी केलं हुतं. तू म्हणलास, 'शेपूट लांब झालं.' बस. येवढंच.

आता जत्रंचं. पाटलाच्या पोरानं तालुक्याहून माईक आणला. माईक एकच. त्यो माझ्या तोंडासमूर बांधला. मी बांधला न्हवता. तुझं 'मग?' कुणाला आयकू गेलं न्हाई, मान्य. लोकं तरी हसली, तेबी खरं. खाली उतरल्यावर कुणीतरी म्हणलं, अंबाजी नसता तरी भागलं असतं. मी न्हाई म्हणलं ते! मी तवा पाणी पीत हुतो. पाणी पिताना माणूस काय बोलणार? तांब्या खाली ठेवतोय तवर तू ढोलकी खांद्याला लावून निघालापण. माझ्या अंगावर अजून लुगडं हुतं. लुगड्यात कुटवर पळणार तुझ्या मागं?

पुढल्या साली दुसरा बसवला. त्यो माझ्याआधी हसायचा. सोंग तितंच मेलं. मग मीबी सोडलं.

ये की एकदा. टोपीवाल्याला बघ. मला वाटतं त्याला बघून तुला हसू येईल. स्वताला बघून माणूस हसतोच. मला ते बघायचंय. ह्यात माझा दुसरा काय मतलब न्हाई.

हौशीराम

*

मळवली
१६ डिसेंबर १९७३

अंबा,

आता राव-बिव लावत न्हाई. थंडी लय हाय, हात आखडलेत, कमी शब्दात लिवतो.

साहेबाचं पत्र आलं. बंगला इकला. फाल्गुनात नवा मालक येणार, ह्यो पाडून नवा बांधणार म्हणतात. मशीन आन रीळ साहेबाचा पुतण्या मुंबईला घेऊन जाणार. माझं काय, ते पत्रात लिवलेलं न्हाई. इसरला आसंल. भाचा म्हणतो कान्ह्याला ये, गोठ्यापशी खोली हाय. बघू.

पण म्हंजे ऐतवार थोडं ऱ्हायलं. म्हणून पुन्हा लिवतोय, न्हाईतर दोन पत्रं गिळून बसलेल्या माणसाला मी तिसरं लिवलं नसतं. मलाबी मान हाय.

एकट्यानं बघवत न्हाई म्हणून परवा येसूबाईला बसवली. वरच्या वाडीवरनं झाडायला येती, तोंडानं तिखट. म्हणलं बस, शिनेमा बघ. त्यात कोंबडीचं सोंग हाय. नाकाड्या म्हातारी मडम झालाय, काखंत कोंबडी घेऊन फोटो काढाया येतो. टोपीवाला फोटोवाला. मडम कोंबडीचं डोस्कं विंचरती, पावडर लावती, हनुवटी वर करती. कोंबडीला हनुवटी! टोपीवाला काळ्या फडक्यात डोकं घालतो, बाहेर काढतो, पुन्हा घालतो. कोंबडी हसत न्हाई म्हणून मडम तिच्याफुडं नाचून दाखवती. शेवटाला फोटो धुऊन येतो तर त्यात कोंबडी खुर्चीत, आन मडम तिच्या काखंत.

मी हसून हसून डोळं पुसतोय, आन येसूबाई भिंतीगत. मी म्हणलं, का गं, हसू न्हाई आलं? तर म्हणती, 'बाप्याची बाई केली की तुमास्नी हसू येतं. बाईचा बाप्या करून दाखवा, मग मी हसते. मला भात टाकायचाय.' आन गेली झाडू घेऊन.

तू असतास तर म्हणला असतास, 'मग?'

अंबा, मला करमत न्हाई. आता लिवलं, पुसणार न्हाई. दिवसभर बंगल्याची दारं उघडायची, सांजच्याला लावायची. कोण येत न्हाई. मी सोंगाड्या माणूस, मला समूर माणूस लागतं. एवढ्या मोठ्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, त्यांच्याफुडं मी परवा म्हशीचं सोंग करून बघितलं. लय वाईट वाटलं.

एक ऐतवार ये. वराळ्याहून तळेगाव ठेसन, तितनं पॅसेंजरला बसला की मळवली. मी ठेसनावर येतो. बोलू नकोस पायजेल तर. ह्या जल्मात एकदा तुला हसताना बघायचंय, आन त्यापायी मी तुझ्या हातापाया पडतोय असं समज.

हौशा

*

वराळे
११ जानेवारी १९७४

ती. हौशीकाका यांस

आबांची सून नंदा हिचा शि. सा. नमस्कार. तुमची तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही कारण आबांनी देऊ दिलं नाही. हे पत्रही त्यांना न सांगता लिहिते आहे.

काका, आबांना दिसत नाही. काचबिंदू झाला. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता, डॉक्टर म्हणाले आता उपाय नाही. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पत्रं मीच वाचून दाखवते. तुमचं पहिलं पत्र वाचलं आणि आबा लाल झाले. म्हणाले, "आंधळ्याला शिनेमा बघाया बोलावतोय. खिजवतोय हौशा मला." मी म्हटलं, त्यांना माहीत नसेल. तर म्हणाले, "सगळ्या मावळाला ठावं हाय, त्यालाच कसं ठावं न्हाई?" त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून विचारते, तुम्हाला माहीत होतं का? नसेल तर तसं लिहा, मी वाचून दाखवीन. असेल तर कृपा करून पुन्हा पत्र पाठवू नका. ते दिवसभर ओट्यावर एका जागी बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत. त्यांना आणखी त्रास नको.

एक मात्र सांगते. दुसरं पत्र, ते दाराचं, त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. हसले नाहीत. पण पुन्हा वाच म्हणाले.

तुमची
नंदा

*

मळवली
१७ जानेवारी १९७४

अंबा,

नंदे, हे मोठ्यानं वाच, आन मधलं काय गाळू नको.

मला ठावं न्हवतं. एकवीरेच्या पायावर हात ठेवून सांगतो, ठावं न्हवतं. सगळ्या मावळाला ठावं आसंल, मी मावळात कुटं हाय? मी ह्या बंगल्यात हाय. हितं मला कोण सांगणार, येसूबाईची कोंबडी? पत्र वाचलं आन मी पायरीवर खाली बसलो. माझा गडी आंधारात बसलाय आन मी त्याला भिंतीवरची चित्रं बघाया बोलावतोय! माझ्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

पण तुझाबी मला राग आलाय, त्यो आता काढतो. मी तुला खिजवीन असं तुला वाटलंच कसं? आपण एका ताटात जेवलो. मी वंगाळ आसंन, तोंडाळ आसंन, माईकफुडं हुबा ऱ्हाणारा आसंन. पण आंधळ्याला खिजवणारा न्हाई. येवढं वळखलं न्हाईस मला?

दुसरं आयक. डोळं गेलं म्हणून शिनेमा गेला असं तुला वाटतंय. अरं, तू माझं एक तरी सोंग कधी बघितलंस का? तू मान खाली घालून ढोलकीकडं बघत बसायचास. मी समूर मडकं फोडलं, लोळलो, लुगडं सुटलं, तरी तुझी मान खाली. तुला सगळं कानानं ठाऊक. तवाबी तू आंधळाच हुतास की रं माझ्यापुरता! मग आता काय नवीन झालं?

मशीन मी चालवतो. भिंतीवर काय चाललंय ते मी सांगतो. तू खुर्चीत बसायचं. ढोलकी नको आणू, त्याचा हट्ट न्हाई.

हसू न्हाई आलं तर न्हाई आलं. पण येऊन तर बघ. बघ म्हणलो, आता ह्यावरनं पुन्हा रुसू नको.

नंदे, पोरी, तू घेऊन ये त्याला. च्या-भाकरीचं मी बघतो.

हौशा

*

वराळे
१९ फेब्रुवारी १९७४

ती. हौशीकाका यांस

शि. सा. नमस्कार. रविवारी आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही बरोबर दिलेले पोहे पोरांनी संपवले.

काका, मी आबांना तुमच्याकडे सोडून कार्ल्याला देवीच्या दर्शनाला गेले. परत आले तर तुम्ही दोघं पडवीत गप्प बसलेले. आबांचं तोंड नेहमीसारखंच. तुमचंही उतरलेलं. मला वाटलं, झालं पुन्हा भांडण. स्टेशनावर तुम्ही एकमेकांशी शब्द बोलला नाहीत.

पण गाडीत बसल्यावर काय झालं ते मला कळत नाही. आबा म्हणाले, कामशेत आलं की सांग. मी सांगितलं, आलं. आणि आबा हसायला लागले! मी घाबरलेच. थांबले, डोळे पुसले, आणि म्हणाले, वडगाव आलं की सांग. वडगाव आलं तर त्याहून जास्त. गाडीतले लोक बघायला लागले, एका बाईनं विचारलं, आजोबांना बरं नाही का? तळेगावला उतरताना तर त्यांना धरून उतरवावं लागलं. काका, मला लग्न होऊन या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नाही. सासूबाई म्हणायच्या, यांना हसताना मीही पाहिलेलं नाही.

घरी आलो, दारात पोचलो आणि एकदम गप्प झाले. चौकटीला हात लावून उभे राहिले. मला म्हणाले, "बघ गं, बाहेर कुणी हुबं हाय का." कुणी नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "असंल, असंल. नीट बघ."

तिथं काय झालं? विचारलं तर सांगत नाहीत.

तुमची
नंदा

*

मळवली
२५ फेब्रुवारी १९७४

चि. नंदाबाई हिस

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी आतापतूर किती येळा वाचलं ते इचारू नको. कागद घडीवर फाटाया आलाय.

काय झालं ते सांगतो. तू देवीला गेलीस. मी तुझ्या आबाला हाताला धरून खुर्चीत बसवला. मशीन लावलं. त्यानं आवाज आयकला आन म्हणला, 'गिरणीगत वाजतंय.' येवढंच.

मी दाराचं सोंग सांगाया लागलो. आगं, पाच गावच्या जत्रंफुडं मी कधी भ्यालो न्हाई, आन ह्या एका आंधळ्याफुडं माझी बोबडी वळली. सांगितलं, टोपीवाला म्हणतो आधी आपण, नाकाड्या म्हणतो आधी आपण. आन थांबलो. उगं थांबलो. तर त्यो खुर्चीतनं म्हणला, 'मग?'

नंदे, किती वर्षांनी! मग जी सुटली गाडी, ती सुटली. दाराचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं, मडमीचं नाचून दाखवलं. दिसत न्हाई हे इसरूनच नाचलो. त्यो जागंवर 'मग?' म्हणायचा. एक जागा चुकली न्हाई. पण हसला न्हाई. मी सांगितलं, अंबा, त्यो टोपीवाला हुबेहूब तुझ्यागत. तर म्हणतो कसा, 'त्यो मान खाली घालतो का?' मी म्हणलं, न्हाई, नाकाड्याच्या तोंडाकडं सरळ बघतो. ह्यावर त्यो म्हणला, 'मग त्यो माझ्याहून लय भारी. मला तर तुझ्याकडं बघायचं भ्या वाटायचं. एकदा हसलो असतो तर तुझं सोंग गेलं असतं.'

मी मशीनकडं बघत बसलो.

तिसरं सोंग शिंप्याचं हाय. नाकाड्या शिंपी, टोपीवाला गिऱ्हाईक. शिंपी टेपचं एक टोक टोपीवाल्याच्या हातात देतो आन माप घेत घेत दुकानाच्या बाहेर जातो. हितवर आलं, आन मशीनमधला दिवा फट्दिशी उडाला. दुसरा दिवा मुंबईशिवाय मिळत न्हाई. भिंत काळी. मी मशीन बंद केलं. म्हणलं, संपलं आपलं नशीब.

तर हा म्हणतो, 'मशीन थांबलं न्हवं?' मी म्हणलं, थांबलं. तर म्हणतो, 'मग?'

शिनेमात फुडं काय हाय ते मला पाठ हाय. त्यो शिंपी गल्लीला येढा घालून मागल्या दारानं येतो. ते मी सांगितलं न्हाई. का न्हाई ते देव जाणे. म्हणलं, शिंपी निघाला रं टेप घेऊन रुळाकडंनं. कामशेताला आला. तितं हमाल भाताची पोती घेऊन चाललेलं, टेपला अडकून सगळं एकावर एक पडलं, आन शिंपी म्हणतो, 'माफ करा, कंबर मोजतोय.' वडगावला आला. तितं कोर्टाच्या दारात दोघा भावांनी टेप बघितली, त्यांना वाटलं बांधाची मोजणी आली, दोघांनी तितंच एकमेकांचं धोतर फेडलं. तळेगावला एका बाईनं टेपवर धुणं वाळत घातलं, सासऱ्याची बंडी घातली, नणंदेचं लुगडं घातलं, आन शिंपी धुण्यासकट फुडं. त्यो दर जागी 'मग?' म्हणतोय आन मी वाढवतोय. त्यातलं कायबी त्या इंग्रजांनी केलेलं न्हाई. सगळं माझं.

मग शिंपी वराळ्यात आला. एका घरासमूर टेप संपली. दार लावलेलं. शिंप्यानं हाक मारली. आतनं उत्तर न्हाई.

तुझा आबा म्हणला, 'मग?'

मी म्हणलं, मग काय? त्या जत्रंपासनं शिंपी दारात टेप धरून हुबा हाय. हात भरून आलेत. पण सोडत न्हाई.

मग मी त्याला हाताला धरून पडवीत आणून बसवला. तेवढ्यात तू आलीस. ठेसनावर गाडी हलली, आन मी परत येऊन कपबश्या धुतल्या. मनात म्हणलं, हौशा, सगळं करून बघितलं, गडी हसला न्हाई. मशीन परवा पुतण्या घेऊन गेला. माझं गाठोडं बांधलेलं हाय, कान्ह्याला जायचं.

आन मग तुझं पत्र आलं. कामशेताला हसला म्हणतीस. वडगावला हसला. म्हंजे माझ्या जागंला हसला नंदे! त्यांच्या न्हाई, माझ्या! अगं, मी वरडलो, येसूबाई झाडू टाकून पळत आली.

पण खरं सांगू? मग मी रडलो. आख्खी हयात ज्याची वाट बघितली ते झालं, आन मी तितं न्हवतो. गाडीतल्या परक्या बायांनी बघितलं, तिकीट तपासणाऱ्यानं बघितलं आसंल, आन मी हितं बश्या इसळत हुतो. माझ्याफुडं हसायचं त्यानं तसंच ठेवलं. सोंग मोडू नये म्हणून. मी वळखतो त्याला.

तर आता माझं एक काम कर पोरी. त्याला इचारू नको, मी इचारलंय असंबी सांगू नको. तुला आठवंल तसं मला लिव. त्यो कसा हसतो गं? तोंड उघडून हसतो का दाबून? आवाज हुतो का? खांदं हलतात का पोट? डोळं मिटतात का? मला काय ठाऊक न्हाई. मी कधी बघितलंच न्हाई. सगळं लिव, घाई करू नको, मी वाचतो बसून.

हौशीकाका